गोचीड, खोडकिडा आणि केनियातली दोन माणसं

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

एम.एस्सी.ला कीटकशास्त्र मिळालं म्हणून तू खट्टू झालीस. "आता अळ्याच मोजत बसायचं," म्हणालीस ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

थॉमस ओडियाम्बो हे नाव तुझ्या कानावर आलंय का? १९३१ साली मोम्बासात जन्मले, युगांडात मकेरेरेला शिकले, केंब्रिजहून कीटकशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि परत आले. १९७० साली त्यांनी नैरोबीत कीटकांवर संशोधन करणारी 'इसिपे' ही संस्था उभी केली. त्यांचा आग्रह असा, की आफ्रिकेतल्या किडींचा अभ्यास आफ्रिकेतच, तिथल्या माणसांनी करायचा. नुसत्या महागड्या फवारण्या आणून भागायचं नाही. कीड अंडी कुठे घालते, कोणत्या वासाने येते, तिला कोण खातं, हे आधी कळलं पाहिजे.

याला आलेलं फळ बघ. व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्बिता इथे इसिपेचं केंद्र आहे, आता ते ओडियाम्बोंच्याच नावाने ओळखलं जातं. तिथला मका दोन गोष्टींनी मार खायचा, खोड पोखरणारा खोडकिडा आणि पिकाच्या मुळांवर जगणारं टारफुला हे तण. यातला ठिपक्यांचा खोडकिडा तर आपल्याच बाजूचा, आशियातून तिकडे गेलेला. आपल्या ज्वारीचा मधला पोंगा वाळवून पोंगेमर करतो तोच. मूळचे भारतातले झेयाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम ही चाऱ्याची शेंगवर्गीय वनस्पती पेरली आणि शेताच्या कडेने नेपियर गवत लावलं. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिड्याचे पतंग मक्यापासून दूर पळतात आणि नेपियरकडे ओढले जाऊन तिथे अंडी घालतात. अंड्यातून निघालेली अळी नेपियरच्या खोडात शिरायला गेली, की चिकट रस पाझरतो आणि बहुतेक अळ्या तिथेच मरतात. टारफुल्याची गंमत तर याहून भारी. डेस्मोडियमच्या मुळांतून असं काही स्रवतं, की टारफुल्याचं बी रुजतं, पण त्याला मक्याच्या मुळाला चिकटता येत नाही. अन्नावाचून ते मरून जातं. वर जमिनीला नत्र मिळतो आणि गुरांना चारा. पूर्व आफ्रिकेतले लाखाहून जास्त शेतकरी आज अशी शेती करतात. हे सगळं कोणीतरी चिकाटीने पतंग आणि अळ्या मोजल्या म्हणूनच कळलं ना!

दुसऱ्या वांगारी माथाई. झाडं लावणाऱ्या बाई, २००४चं शांततेचं नोबेल, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्या मुळात जीवशास्त्राच्या, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि मला ते फार खटकतं. १९७१ साली नैरोबीत डॉक्टरेट मिळवली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत तोवर कुठल्याच बाईने ती मिळवली नव्हती. त्या पशुवैद्यक विभागात शरीररचनाशास्त्र शिकवायच्या. गुरांना गोचिडांमुळे होणाऱ्या तापावर काम करताना, गोचीड गोळा करायला गावोगाव हिंडायच्या. (आपल्या संकरित गाईंना थायलेरिया होतो ना, त्याच्याच जातीचा तो आजार.) तिथे त्यांना दिसलं, की पावसाने नद्या मातीने लाल झाल्यात, चारा नाही, गुरं खंगलीत, माणसंही. गुरांवरचं खरं संकट गोचिडाहून मोठं आहे, हे त्यांनी तिथे ओळखलं. १९७७ साली त्यांनी नैरोबीत सात झाडं लावली आणि त्यातून हरित पट्टा चळवळ उभी राहिली. रोपवाटिका बायांनीच चालवल्या. जगलेल्या रोपामागे त्यांना थोडे पैसे मिळायचे. नोबेलपर्यंत ३ कोटींवर झाडं लागली होती.

गोचीड वेचणाऱ्या बाईला नदीचं पाणी दिसलं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. तू सूक्ष्मदर्शकाखाली जे बघशील, ते ज्या शेतातून आलं तिथेही जात जा.

आता घरचं. यंदाही खालच्या तुकड्यात पोंगेमर दिसतेय. बाबांना डेस्मोडियमबद्दल सांगितलं, तर पहिला प्रश्न, "जनावरं खातात का?" खातात म्हटल्यावर त्यांचे कान टवकारले. कमी पावसाच्या भागात तिकडे नेपियरऐवजी ब्रॅकिएरिया गवत लावतात. आपल्याकडे काय टिकेल आणि डेस्मोडियमचं बी कुठे मिळेल, हे तुमच्या विभागात विचारून कळव. नेपियरची ठोंबं तर शेजारीच मिळतील, मागून ठेवते.

तब्येत सांभाळ.

तुझी,
आई