एका घराचे तीन कागद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकालाचे दिवस आले की 'आई रागावल्याने', 'मोबाइल काढून घेतल्याने' अशा मथळ्यांखाली मुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या सगळ्याच दैनिकांत येतात, आपल्याही. मी सांगलीत एका पतसंस्थेत कारकून आहे. गेल्या वर्षापर्यंत अशी बातमी वाचली की 'हल्लीच्या पोरांना काही सोसत नाही' म्हणायचो आणि पान उलटायचो. मग हा विषय आमच्याच घरात आला. मुलगी तेव्हा नववीत होती. ती स्वतःला इजा करून घेते हे तिच्या आईच्या लक्षात आलं. रात्री मी कामावरून आलो आणि मुलीला पहिलं वाक्य बोललो ते असं : "काय नाटकं लावलीयस ही?" ते वाक्य आता मला मागे घेता येत नाही.

मिरज इथून हाकेच्या अंतरावर, दवाखान्यांचं गाव. तरी मनोविकारतज्ज्ञांकडे जायला आम्हाला दीड महिना लागला. आईनं दृष्ट काढली. क्लास बदलून झाला. एका नातेवाइकांनी पोलीस केस होईल म्हणून घाबरवलं. (२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यालाही शिक्षा न करता उपचार द्यायचे ठरवलं आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.)

डॉक्टरांनी निदान केलं नैराश्याचं. त्यांनी आम्हा तिघांना एकच प्रश्नावली वेगवेगळ्या खोल्यांत बसवून भरायला दिली. घरातले लोक एकमेकांशी कसे वागतात, याबद्दलची साधी विधानं होती. अडचण आली की आमच्या घरात एकमेकांकडे मदत मागतात, या विधानापुढे मी 'जवळजवळ नेहमी'वर खूण केली, बायकोनं 'कधी कधी'वर. मुलीची खूण होती 'जवळजवळ कधीच नाही'वर. डॉक्टरांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि काहीच बोलले नाहीत. मला आधी वाटलं, हिला प्रश्न कळला नसेल. घर एकच, जेवणाचा ओटा एकच, आणि राहत होतो तिघं तीन घरांत.

माझा धाकटा मुलगा ओरडा खाऊन संध्याकाळी विसरतो. मुलगी लहानपणापासून घुमी, मनाला लावून घेणारी. तोच ओरडा ती आठवडाभर उगाळत बसते. आम्ही याला तिचा दोष समजत आलो. डॉक्टर म्हणाले, हा दोष नाही, जडणघडण आहे. काही मुलांना सगळंच जास्त लागतं आणि लागलेलं लवकर ओसरत नाही. अशा मुलाला घरात रोज 'एवढ्यानं काय होतंय', 'रडायला काय झालं' ऐकावं लागलं, तर आपल्याला जे वाटतं तेच चुकीचं आहे असं ते धरून चालतं. मग आत साठलेलं सहन होईना की ते काही क्षण थांबवण्यासाठी स्वतःला इजा केली जाते. बहुतेकदा त्यात मरण्याचा हेतू नसतो. पण म्हणून ते हलक्यानं घ्यायचं नाही, कारण पुढचा धोका त्यानं वाढतो. आणि 'लक्ष वेधून घ्यायला करतात' हे तर साफ खोटं. माझ्या मुलीनं ते किती महिने लपवलं हे मी पाहिलं आहे.

हळवा स्वभाव आणि न ऐकणारं घर यांची ही सांगड अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी मांडली आणि त्यावर उपचारपद्धतीही तयार केली. १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या स्वतःच स्वतःला इजा करून घेत असल्यानं रुग्णालयात होत्या. २०११ मध्ये त्यांनी ते जाहीर सांगितलं. डॉक्टरांनी हे मुलीला सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदाच त्यांना उलट प्रश्न केला : "मग त्या बऱ्या झाल्या?"

गोळ्या चालू आहेत, दर पंधरा दिवसांनी समुपदेशन आहे. त्यात आम्हा दोघांनाही बसावं लागतं, आणि माझी शिकवणी जास्त आहे. मुलगी म्हणाली, "आज मला गटात घेतलं नाही," तर 'सोड गं' म्हणायचं नाही, लगेच उपायही सुचवायचा नाही, आधी ऐकायचं. मला हे फार जड गेलं. आता रात्री जेवण झालं की मी आणि मुलगी शेंगा फोडत बसतो. हात कामात आणि नजर खाली असली की ती बोलते. समोर बसवून विचारलं की एक शब्द निघत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. म्हणजे साठांच्या वर्गात चार मुलं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. माझ्या मुलीच्या शाळेत हजारावर मुलं आहेत आणि ते काम चित्रकलेच्या बाईंकडे सोपवलं आहे. बाई प्रेमळ आहेत, पण त्यांचं ते शिक्षण नाही. जिल्ह्यातल्या किती शाळांत हे पद भरलं आहे, ते आपल्या वार्ताहरांनी शोधून छापावं, ही विनंती.

दुसरी विनंती आपल्या मथळ्यांबद्दल. प्रेस कौन्सिलनं सप्टेंबर २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी सूचना स्वीकारल्या आहेत : पद्धत लिहू नये, मथळा भडक नसावा. 'आई रागावल्याने' छापलं की त्या आईला जन्मभराची शिक्षा होते आणि बाकीच्या घरांना वाटतं, आपण तर रागावत नाही, आपल्याला काय धोका. अशा प्रत्येक बातमीखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चौकटीत द्यावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आमच्या त्या दीड महिन्यात तो कुणी आमच्या हातात ठेवला असता तर बरं झालं असतं.

हे पत्र मुलीनं वाचलं आहे. दोन वाक्यं तिनं खोडायला सांगितली, ती खोडली आहेत. आमचं नाव छापू नये.

आपला,
एक वाचक, सांगली