हृदयविकाराचे इंजेक्शन तालुक्यातच मिळू द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

जिल्ह्याजिल्ह्यात कॅथलॅब (अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करण्याची सोय) व्हाव्यात, या मताचे आम्हीही आहोत. पण छातीत कळ आलेला माणूस भामरागडला असेल तर नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब आहे, आणि धडगावच्या घाटात रुग्णवाहिका पळून पळून किती पळणार? हृदयाची रोहिणी गुठळीने पूर्ण बंद झाली, म्हणजे स्टेमी प्रकारचा झटका आला, की पुढचा प्रत्येक तास हृदयाचा स्नायू मरत जातो. ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीच उत्तम. तसे जमणार नसेल आणि दुखणे सुरू होऊन १२ तास उलटले नसतील, तर निदानानंतर १० मिनिटांत गुठळी विरघळवणारे औषध द्यावे आणि मग रुग्ण पुढे पाठवावा, असे युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा उलट क्रम असतो: आधी रेफरची चिठ्ठी, मग गाडीची शोधाशोध, आणि औषध शेवटच्या मुक्कामी.

आमची मागणी अशी. गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात मोफत ठेवावे आणि ते देण्याचा अधिकार तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी आदेशाने द्यावा.

त्याच कामाचे जुने औषध स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट अर्धा ते एक तास सलाइनमधून द्यावे लागते. रक्तदाब कोसळतो, कधी अॅलर्जी येते, आणि तेवढा वेळ कुणीतरी खाटेशी बसून राहावे लागते. टेनेक्टेप्लेज शिरेतून एकदाच, काही सेकंदांत देता येते. मात्रा वजनावर: ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, पुढे दर दहा किलोंमागे ५ मिलिग्रॅम वाढवायचे, ९० किलो व त्यापुढे ५०. पंच्याहत्तरी गाठलेल्यांना निम्मी मात्रा. कुपी जोरात हलवायची नाही, हळू गोल फिरवायची. हाताला डेक्स्ट्रोजची लाइन असेल तर ती आधी नॉर्मल सलाइनने धुवायची, नाहीतर औषध नळीतच साकळते. सोबत अॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला, क्लोपिडोग्रेल ३०० (पंच्याहत्तरीपुढे ७५), आणि रक्त पातळ करणारे एनॉक्सापॅरिन.

हे औषध म्हणजे गरिबांसाठीची दुय्यम सोय नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रीम या चाचणीत तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेले सुमारे १९०० रुग्ण होते. मृत्यू, शॉक (रक्तदाब घातक पातळीवर कोसळणे), हार्ट फेल्युअर किंवा पुन्हा झटका यांचे एकत्रित प्रमाण ३० दिवसांत इंजेक्शनच्या गटात १२.४ टक्के आणि थेट अँजिओप्लास्टीच्या गटात १४.३ टक्के निघाले. मात्र इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना तातडीची अँजिओग्राफी लागली. म्हणून ६० ते ९० मिनिटांनी दुसरा ईसीजी काढायचाच. ईसीजीच्या रेघेतला उंचावलेला एसटी हा भाग निम्म्याहून खाली आला नसेल तर रुग्ण लगेच कॅथलॅबकडे, आणि आला असेल तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी.

धोका मेंदूतील रक्तस्रावाचा. २०२३च्या स्ट्रीम-२ चाचणीत साठीपुढच्या ४०१ जणांना निम्मी मात्रा दिली, त्यात सहा जणांना असा रक्तस्राव झाला. त्यांतल्या तिघांच्या बाबतीत नियम मोडले गेले होते: दोघांना रक्त पातळ करणारे औषध जास्त गेले, एकाचा रक्तदाब आटोक्यात नव्हता. इंजेक्शनआधी रक्तदाब पाहणे आणि पूर्वीचा पक्षाघात, डोक्याला मार, नुकतीच शस्त्रक्रिया, पोटातला रक्तस्राव यांची एका पानाची यादी वाचणे हे कुठल्याही एमबीबीएस डॉक्टरला जमते.

घोटाळा होतो तो आधीच. ‘गॅस झाला असेल’ म्हणून पॅन्टॉपचे इंजेक्शन देतात आणि ईसीजी राहूनच जातो. वेदना थांबावी म्हणून कमरेत डायक्लोफिनॅक टोचतात. पुढे गुठळी विरघळवणारे औषध दिले की त्याच जागी स्नायूत रक्त साचते. रक्तवाहिन्या रुंदावणारी सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतात, आणि झटका हृदयाच्या उजव्या बाजूचा असेल तर रक्तदाब क्षणात खाली जातो. घामाने भिजलेल्या छातीवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत, रेघ थरथरते, आणि तो कागद व्हॉट्सअॅपवर पाहणारा तज्ज्ञ ‘परत काढा’ म्हणतो. यात वीस मिनिटे जातात. छाती गॉजने पुसली, गरज पडल्यास केस काढले, तर ती वाचतात. केसपेपर निघेपर्यंत ईसीजी थांबवणे तर कुठल्याच नियमात नाही.

औषध चालू लागले की पहिल्या तासात हृदयाचे ठोके बिघडू शकतात. विजेचा झटका देऊन ठोके पूर्ववत करणारा डिफिब्रिलेटर खोलीत हवा, त्याची बॅटरी रोज तपासलेली हवी, आणि पुढच्या प्रवासासाठी १०८ची अॅडव्हान्स्ड गाडीच हवी.

साठ्याबद्दल थोडे. कुपी भांडारात कुलपात आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या फार्मासिस्टकडे, असे होऊ नये. दोन कुपी कॅज्युअल्टीतच ठेवा. मुदत संपायला तीन महिने उरले की त्या जिल्हा रुग्णालयाला द्या, तिथे त्या वापरल्या जातील, आणि बदल्यात ताज्या आणा.

शेजारी हे काम करत आहेत. गोव्याने २०१८पासून बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय केंद्रस्थानी ठेवून आरोग्य केंद्रे जोडली. सिंधुदुर्गातले कितीतरी रुग्ण तसेही बांबोळीलाच जातात. कर्नाटकात बंगळुरूच्या जयदेव संस्थेच्या आधाराने पुनीत राजकुमार यांच्या नावाची हृदयज्योती योजना चालते. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्यांशी जोडल्यावर एका वर्षातील मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२वर आले, २४२० रुग्णांचा हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही काही जिल्ह्यांत दूरस्थ ईसीजी वाचनाचे काम झाले आहे. ईसीजी वाचणारा आहे आणि इंजेक्शन नाही, ही अवस्था मात्र फार वाईट.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तालुक्यातले इंजेक्शन आणि दुसऱ्या दिवशीची शहरातली अँजिओप्लास्टी एकाच आजाराचा उपचार म्हणून मंजूर व्हावी. ‘आधी उपचार झाला आहे’ या कारणाने प्रकरण अडकता कामा नये.

शेवटची विनंती. प्रत्येक रुग्णालयाने घड्याळातल्या तीन वेळा लिहाव्यात: रुग्ण दारात आला ती, ईसीजी निघाला ती आणि इंजेक्शन दिले ती. जिल्हावार आकडे दर महिन्याला संकेतस्थळावर टाकावेत. पहिले आकडे वाईट येतील. त्यावरून कुणा वैद्यकीय अधिकाऱ्यावर कारवाई होणार नाही, हेही त्याच आदेशात नमूद करावे.

कळावे,
आपले विश्वासू,
हृदयविकाराच्या रुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर