सहीच्या आधी

आचरा, ता. मालवण
श्रावण वद्य अष्टमी

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला गाण्याच्या रेकॉर्डिंगचा करार मोबाईलवर वाचवेना, अक्षरं मुंगीएवढी. शेवटी तिठ्यावर जाऊन प्रिंट काढून आणली. सात पानं भरली. पाचव्या पानावर एका वाक्याखाली मी लाल पेनाने रेघ ओढली आहे: सगळे हक्क कायमचे कंपनीकडे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो बाबा" म्हणतेस आणि विषय बदलतेस. म्हणून कागद.

माझ्या कॅसेटची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. तुझ्या जन्माआधीची ती. मुंबईच्या एका कंपनीने आमच्या मंडळाला बोलावलं. एका दिवसात आठ भजनं रेकॉर्ड केली. दीड हजार रुपये रोख, एक नारळ आणि एका कागदावर माझी सही. कागद वाचायचा असतो हे डोक्यातच आलं नाही, कारण रात्रीची एसटी पकडायची होती. पुढच्या वर्षी आंगणेवाडीच्या जत्रेत खाजाच्या दुकानापलीकडे कर्ण्यावर गजर लागलेला. आवाज ओळखीचा वाटला, बघतो तर मीच. पंचवीस रुपये मोजून मी माझीच कॅसेट विकत घेतली. ती कितीतरी वर्षं विकली जात होती, पण दीड हजारावर पैसा आला नाही. मला कंपनीपेक्षा माझाच राग जास्त येतो.

आता कॉपीराइटचा कायदा पूर्वीचा राहिलेला नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही, आणि गाण्याचा धंद्यासाठी वापर झाला तर गाणाऱ्यालाही रॉयल्टी मागता येते. लताबाईंनी साठच्या दशकात गायकाच्या रॉयल्टीचा मुद्दा धरला तेव्हा रफीसाहेबांशी बिनसलं, काही वर्षं दोघं एकत्र गायली नाहीत. आपल्याला आज जे फुकट मिळाल्यासारखं वाटतं त्यासाठी कुणीतरी वाईटपणा घेतलेला आहे.

तुझ्या बाबतीत आणखी एक आहे. अभंग तुकोबांचा, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण चाल तू लावलीस! म्हणजे तू गायिका आहेस आणि संगीतकारही. सात पानांत संगीतकार म्हणून तुझं नाव एकदाही नाही. ते आधी घालायला लाव. आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, सभासद हो, ती १९६९ पासून आहे. गायकांची वेगळी संस्था २०१३ मध्ये झाली, तिथेही नाव नोंदव. त्यातून घर चालेल अशा भ्रमात राहू नको. पण गाणं दहा वर्षांनी कुठे वाजलं तर नोंद तुझ्या नावाची हवी.

आकाशवाणीची ऑडिशनही दे. बी, बी हाय, ए, टॉप, जी ग्रेड मिळेल ती मिळेल. हल्ली रेडिओ कोण ऐकतं असं तुझे मित्र म्हणतील. त्यांना म्हणू दे.

नोकरी सोडू का, हे तू आईला विचारलंस, मला नाही. तरी सांगतो. आपल्याकडे गणपतीपासून शिमग्यापर्यंत सुपाऱ्या असतात, नंतर चैत्र-वैशाखात तुरळक, आणि मिरगानंतर शुकशुकाट. त्या पावसाळी महिन्यांत मी काय करायचो ते तुला आठवतं ना? पडवीत लोकांच्या बाजाच्या पेट्या दुरुस्तीला उघडून बसायचो. खाऱ्या हवेने सुरांच्या पितळी पात्यांवर कळंक चढतो, भाता कुजतो, पट्ट्या फुगून अडकतात. सूर चढवायचा तर पितळी पातं टोकाकडे कानसायचं, उतरवायचा तर मुळाकडे. दोनच घासे, मग फुंकून बघायचं. घाई केली तर पातं वाया. त्या पेट्यांनी तुझी फी भरली, आणि माझा कानही त्यांनीच तयार केला. तुला पेटी उघडायची गरज नाही, पण पावसाळ्याची काहीतरी सोय करून मगच राजीनामा दे. शिकवण्या घे. शिकवताना आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात ऐकू येते, ती अशी ऐकू आली की मग लपवता येत नाही.

बिदागी आधी ठरव आणि अर्धी आगाऊ घे. लाजू नको. देवळाचं काम असेल, कमी घ्यायचं असेल तर कमी घे, पण आकडा तू सांग, समोरच्याला सांगू देऊ नको. आणि तबलजीचं, पेटीवाल्याचं पाकीट त्याच रात्री द्यायचं, आपलं उघडायच्या आधी. माझा पखवाजवाला सव्वीस वर्षं माझ्याबरोबर होता. मधल्या काळात त्याला माझ्यापेक्षा मोठे बुवा बोलवायचे, तो गेला नाही. मी काही मोठा गवई नव्हतो हे तुलाही ठाऊक आहे आणि त्यालाही होतं.

बारी, म्हणजे दोन बुवांमधला भजनाचा सामना, जिंकली की लोक उचलून धरतात, ती रात्र वेगळीच. मी मात्र दुसऱ्या गोष्टीची वाट बघायचो. सकाळी चहा पिताना गावकर म्हणायचा, "बुवानू, फुडच्या वर्साक तुमीच येवक व्हया." ते म्हणाला नाही तर रात्री काहीतरी बिघडलं होतं असं समजायचं.

गळ्याचं सांगायचं राहिलं. गणपतीत ओळीने पाच रात्री बाऱ्या केल्या, समोरच्या बुवावर कडी करायला नको त्या पट्टीत गायलो, आणि सहाव्या दिवशी आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले स्वरतंतूंना सूज आहे, गाठी धरतील, तोंड बंद. कुजबुजायचंही नाही, त्यानेही ताण येतो. तू दुसरीत होतीस. तू तुझी पाटी आणून दिलीस आणि वर बजावलंस की शुद्धलेखन तपासणार. "चहा" मधला हा मी घाईत वेडावाकडा काढला तर खोडून परत लिहायला लावलास. पंधरा दिवस मी त्या पाटीवर बोललो. तीन बाऱ्या हातच्या गेल्या, एक गाव कायमचं तुटलं. पण आज साठीनंतरही पहाटे खर्ज लागतो. तेव्हा ऑर्केस्ट्रावाल्याने वरच्या पट्टीत, काळी पाचमध्ये गा म्हटलं आणि तुझी पट्टी काळी चार असेल, तर काळी चारच. तुझा सूर खाली आहे म्हणून कुणी हसलं तर हसू दे.

करारावर सही करू नको. पाचवं पान बदलून मागव. नाही बदललं तर चतुर्थीला इकडे ये, आपण देवळात रेकॉर्ड करू, पखवाज कोणाचा ते सांगायला नको.

आईने सोलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय. पेटीची मंद्र पंचमाची पट्टी अडकते म्हणालीस ना, तीही घेऊन ये. एसटीच्या टपावर टाकू नको, मांडीवर घेऊन बस.

तुझा,
बाबा