नीलला एक अख्खा दिवस दे

सोलापूर,
रंगपंचमी

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "अंदमानच्या सहलीत नील बेट ठेवू का वगळू बे?" तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, धड बोलता आलं नाही. आज रंगपंचमीमुळे दुकान बंद आहे, पोरं गल्लीत पिंप भरून रंग खेळतायत, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

ट्रॅव्हलवाल्यानं तुला पाठवलेला कार्यक्रम वाचला. सकाळच्या बोटीनं नीलला जायचं, दोन किनारे बघायचे, जेवायचं आणि दुपारच्या बोटीनं परत. असंच जाणार असशील तर नको जाऊ. त्यापेक्षा काकूंना त्या दिवशी आराम दे. पण माझं मनापासून सांगणं असं, की यादीतलं दुसरं काहीही काढ आणि नीलला एक अख्खा दिवस दे, मागची-पुढची रात्र धरून. आम्ही माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिथे होतो. त्या एका दिवसाबद्दलच लिहितो. बाकीचं तुला कुणीही सांगेल.

प्रवासाचं फार लिहीत नाही. आम्ही इथून रेल्वेनं चेन्नई गाठली आणि तिथून विमान धरलं. सेल्युलर जेलला तू जाशीलच. काकूंना तिथे जिने चढायला लावू नकोस, खालच्या अंगणात बसव. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालंय आणि नीलचं शहीद द्वीप. बोटीच्या तिकिटावर नवं नाव असतं, बोलण्यात सगळे नीलच म्हणतात. हा नील म्हणजे १८५७ चा उठाव चिरडणारा इंग्रज अधिकारी. आजूबाजूच्या बेटांनाही हॅवलॉक, आउट्रम, लॉरेन्स, निकल्सन अशी त्याच काळातल्या साहेबांची नावं दिलेली. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला झेंडा फडकवला आणि अंदमानला शहीद, निकोबारला स्वराज अशी नावं सुचवली. त्याला ७५ वर्षं झाली त्या दिवशी, २०१८ मध्ये, नीलला शहीद आणि हॅवलॉकला स्वराज हे नाव मिळालं. बोटीत बसल्या बसल्या मला आपला चार पुतळ्यांचा चौक आठवला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या या चौघांच्या समोरून आपण रोज सायकलवर कॉलेजला जायचो. उठाव चिरडणाऱ्याच्या नावाजागी हुतात्म्यांचं नाव लागलं, याचं फार बरं वाटलं रे.

आता दिवसाचं. पहिली गोष्ट, तिथे पहाटे उठावंच लागतं. घड्याळ आपलंच, पण बेट इतकं पूर्वेला की फेब्रुवारीत पावणेसहाला सूर्य वर येतो. त्या वेळी सोलापुरात अजून अंधार असतो, आपल्याकडे सात वाजायला येतात. आम्ही अंधारातच सायकली काढल्या. हो, तुझ्या वहिनीनंसुद्धा. लग्नाआधी शाळेला जायची तेव्हाची सवय तिच्या पायात अजून आहे. बाजारापासून सीतापूरचा किनारा पाच-सहा किलोमीटर असेल. रस्ता जवळजवळ सपाट आणि दोन्ही बाजूंनी सुपारी, केळी, नारळ. मधूनच वांग्याचे, काकडीचे, भोपळ्याचे मळे. अंदमानात भाजीपाला पुरवणारं बेट म्हणूनच नील ओळखलं जातं. आपल्या भागातल्या माणसाला हिरवा रंग बघायची भूक असते, ती त्या सकाळी माझी भागली. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या वाट्याला त्याचा चौथा-पाचवा हिस्सा येतो, तोही त्याच्या मर्जीनं.

सीतापूरला सूर्य सरळ पाण्यातून वर आला. किनाऱ्यावर आम्ही आणि दोन कुत्री, बाकी कुणी नाही. आम्ही कितीतरी वेळ काही बोललो नाही. मग वहिनी म्हणाली, "आज कुठं जायची घाई नाही ना?" मी नाही म्हटलं. तेवढं एक वाक्य मिळवण्यासाठी मी तुला एक रात्र राहा म्हणतोय.

गावांची नावं ऐक. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्या लोकांना १९६० च्या दशकात सरकारनं इथे वसवलं. त्यांनी जंगल मोडून शेतं केली आणि वस्त्यांना रामायणातली नावं दिली. आम्ही उतरलो त्या घरचे म्हातारे दादा लहानपणी आईबापाबरोबर आलेले. ते आणि त्यांची सून आमच्याशी हिंदीत बोलायचे, आपापसांत बांगला. मी दादांना सांगितलं, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातही घरोघरी तेलुगू बोलतात. मागावर बसायला तेलंगणातून आलेल्या पद्मशाली लोकांनी आमचं गाव उभं केलं. त्यांना हे फार आवडलं. "मग तुम्हाला कळेल," म्हणाले. दुसऱ्या मातीतून आलेला माणूस नव्या मातीला किती जपतो, हे त्यांच्या मळ्यात दिसतं.

न्याहारी करून दहाच्या सुमाराला भरतपूरला गेलो. तेव्हा भरती होती आणि उथळ, कोमट, निळं-हिरवं पाणी पार वरपर्यंत आलेलं. काकूंसाठी हीच जागा. लांबपर्यंत उथळ आहे, हाताला धरून नेलंस की त्या आरामात बसतील. तुझी वहिनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात बसली. गळ्यापर्यंत पाणी, पदर खोचलेला, आणि तासभर उठायचं नाव नाही. बाळ्या, आपल्या घरातल्या बायकांनी जन्मभर पाणी भरलंय. नळाला पाणी कधी येणार त्यावर त्यांचं जेवणखाण, पाहुणे, लग्नकार्य ठरलंय. त्या बाईला पाण्यात विनाकाम बसलेली बघून माझा घसा दाटून आला. काकूंनाही तसं बसू दे. फोटोसाठी घाई करू नकोस.

तिथेच काचेच्या तळाची बोट मिळते. पोरांना जरूर बसव. खाली प्रवाळ दिसतो. त्यांना सांग की हा दगड नाही, बारीक प्राण्यांची वस्ती आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यावर प्रवाळ जगतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून तसंच राहिलं, की शेवाळ अंगातून निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. पाणी वेळेत निवलं नाही तर मरतो. २०१० साली अंदमानात असं मोठ्या प्रमाणावर झालं. आम्हाला रंगीत पट्टे दिसले तसे करडे, मेलेले पट्टेही दिसले. मे महिन्यात आपण त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश सोसतो, पण या जिवाला दोन अंश सोसत नाहीत. एका माशाचं मात्र पोरांना खूप आवडेल. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून खातो आणि त्याची पांढरी वाळू करून बाहेर टाकतो. आपण ज्या किनाऱ्यावर चालतो त्यातली बरीच वाळू अशा माशांनी केलेली आहे.

दुपारी घरच्या सुनेनं माशाचं कालवण-भात वाढला. वहिनी माळकरी, तिनं भाजी-भाताबरोबर आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली. सुनेनं चाखली आणि उरलेली पुडी मागून घेतली. तू जास्तीच्या पुड्या ने.

जेवणानंतरच्या वेळेबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि मला तोच वेळ सगळ्यात जास्त आठवतो. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्याकडे झाडं पार वाळूपर्यंत आलीत. केवड्याच्या जातीची, काठ्यांसारख्या मुळांवर उभी असलेली झाडं, आणि त्यांच्यामागे मोठे जुने वृक्ष. सावलीत आपली चादर अंथरली आणि आडवा झालो. दुकानात मी रोज ती घडी करून विकतो, तिच्यावर दिवसाढवळ्या झोपलो नव्हतो. जाग आली तेव्हा वहिनी वाळूत बसून खेकडे बघत होती. एक जातीचा बारीक खेकडा वाळूतलं खाणं निवडून घेतो आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती मांडतो. भरती आली की सगळं पुसलं जातं, ओहोटीला पुन्हा कामाला लागतो. दुसरे शंखात राहणारे. त्यांचं स्वतःचं कवच पोटाकडे मऊ असतं, म्हणून रिकामा शंख शोधून त्यात शिरायचं आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधायचा. पोरांना एकही शंख उचलू देऊ नकोस रे. कुणाचं तरी पुढचं घर असतं ते. प्रवाळाचा तुकडाही नको. तो आणणं कायद्यानंही बंद आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

तीन वाजल्यानंतर निघालो लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्याला, नैसर्गिक पूल बघायला. बंगाली लोकांनी त्याला हावडा ब्रिज नाव ठेवलंय. समुद्रानं प्रवाळखडक पोखरून केलेली कमान, वर झाडं उगवलेली. पण कमानीपेक्षा तिच्यापर्यंतची वाट मोलाची. ओहोटी लागली होती आणि सकाळी जिथे पाणी होतं तिथे खडकाचं पठार उघडं पडलेलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि आपण त्यात फिरून येतो, तसं वाटलं. फरक इतकाच की हे रोज घडतं. पठाराच्या खळग्यांत पाणी साठून राहतं आणि त्यात जीव अडकून असतात. समुद्रकाकडी, तारामासे, निळसर ओठांचे मोठे शिंपले, बोटाएवढे मासे. गावातला एक मुलगा वाटाड्या म्हणून घेतला. त्यानं एकाही जिवाला हात न लावता सगळं दाखवलं, आणि पाय कुठे ठेवायचा तेही. वाटाड्या घेच. त्याला पैसे द्यायला घासाघीस करू नकोस. त्याच्याशिवाय आपण जिवंत प्रवाळावर पाय देत चालू आणि आपल्याला कळणारही नाही. आमच्यासमोर एक घोळका तसाच धावत आला, फोटो काढले, परत धावत बोटीला गेला. त्यांचा राग नाही आला, वाईट वाटलं. त्यांना वेळच दिला नव्हता कुणी.

काकूंना या खडकांवर नेऊ नकोस, वाट निसरडी आहे. वर शहाळ्याच्या टपऱ्या आहेत, तिथे तुझ्या घरच्या वहिनींबरोबर बसव.

सूर्यास्त पहिल्या लक्ष्मणपुरात बघ. साडेपाचच्या आत सूर्य बुडतो, सहाला अंधार. त्यानंतर बाजारात चहा आणि शिंगाडा, म्हणजे आपला समोसाच, थोडी भाजी बघत फेरी, आणि आठला झोप. आम्ही परतताना चंद्र वर आला होता, पण दमलो होतो, बघत बसलो नाही.

आता मुद्द्याचं. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास तिथे खोल ओहोटी दुपारी चारच्या सुमाराला येते, म्हणजे पूल आणि सूर्यास्त एकाच फेरीत होतात आणि सकाळी भरतपूरला भरपूर पाणी मिळतं. ट्रॅव्हलवाला हे बघणार नाही, तू बघ. डिसेंबर ते मार्च समुद्र शांत असतो, त्यातल्या तारखा धर. शाळेची सुट्टी जुळत नसेल तर पोरांची शाळा दोन दिवस बुडव, माझी जबाबदारी.

तारखा पक्क्या करायच्या आधी मला कळव, मी पंचांग काढून सांगतो. त्या घरचा नंबर फोनवर देतो, जेट्टीवरून घ्यायला दादा स्वतः येतात. पुढच्या आठवड्यात आमचा माल पुण्याला येतोय, त्यात तुमच्यासाठी दोन डबल चादरी आणि शेंगा चटणी टाकतो. चादरी कपाटात ठेवू नकोस, घेऊन जा.

काकूंना साष्टांग, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नाना