नानांसाठी बॅटरी घेतोयस म्हणून

यावल

प्रिय दिन्या,

काय भो, कसा आहेस? नानांसाठी कुठली बॅटरी (टॉर्च) घेऊ असं तू विचारलंस, पण ते फोनवर दोन शब्दात सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलो. इकडे थ्री फेज रात्रीची आली की नाना एकटेच केळीत जातात, मोटर चालू करायची, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायचे, आणि खाली सगळा वाळका पाला. या वयात त्यांच्या हातात कसला उजेड आहे याची मला खरंच काळजी वाटते.

आता ते जी वापरतात ती दोन पिनांची, भिंतीत खोचून चार्ज करायची. आत लेड-ॲसिड असतं, ते उतरलेलं तसंच पडून राहिलं की प्लेटांवर सल्फेट बसतं, मग रात्रभर चार्जिंगला लावा तरी थोड्या वेळात मंद पडते आणि नेमकी विहिरीजवळ. ती आता बदलच.

लिथियमचा १८६५० सेल असलेली घे, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, कुठेही मिळतो आणि सेल गेला तरी बॅटरी फेकावी लागत नाही. फक्त सेल चांगल्या कंपनीचा घे बरं. बाजारात ९९०० एमएएच (सेलमधे किती चार्ज मावतो तो आकडा) छापलेले मिळतात ते साफ खोटं आहे, या साईजमधे साधारण ३५०० पर्यंतच मावतं. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, शंका आली तर सोनाराकडे काट्यावर ठेवून बघ, नकली हलका लागतो.

लुमेनच्या, म्हणजे उजेड किती त्या आकड्याच्या, मागे पण लागू नको. हजार लुमेनवाली दोनचार मिनिटात तापते आणि आपोआप कमी होते, आणि एवढा उजेड पायाशी मारला की डोळे दिपतात, मग बाजूच्या अंधारात काहीच दिसत नाही, नजर परत पूर्ण बसायला अर्धा तास पण जातो. बांधावरून चालायला शंभर लुमेन भरपूर झाले, आणि २६०० चा सेल तेवढ्यावर सात-आठ तास सहज काढतो म्हणजे लाईटची पूर्ण पाळी निघते. लांब बघायला, रानडुक्कर आलं का वगैरे, तेवढ्यापुरता मोठा मोड असला की झालं.

सगळ्यात महत्त्वाचं सांगू का, उजेडाचा रंग. एलईडीत निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर म्हणजे निळ्यातला काही उजेड पिवळा करणारा लेप, स्वस्तातल्या बॅटरीत निळा जास्त आणि लाल जवळपास नाहीच. त्या निळसर उजेडात वाळका पाला आणि घोणस एकाच रंगाचे दिसतात. मी आमच्या बागेत दोन्ही उजेड शेजारी शेजारी मारून बघितले, ४००० केल्विनच्या (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका जास्त तितका निळसर) उजेडात पाल्याचा तपकिरी वेगळा, मातीचा वेगळा, ठिबकची नळी वेगळी, सगळं सुटं सुटं दिसतं. म्हणून न्यूट्रल व्हाईट, म्हणजे हाच ४००० वाला, मागव, दोनशे-तीनशे जास्त गेले तरी चालतील, इथे पैसे वाचवू नको. मण्यार तर रात्रीच फिरते आणि चावली तरी कधीकधी कळत पण नाही.

डोक्याला बांधायची नको. उजेड डोळ्याजवळूनच येतो, त्यामुळे वस्तूची सावली तिच्याच मागे लपते आणि जमीन सपाट वाटते, शिवाय किडे सगळे तोंडावर. हातातली कमरेखाली धरली की काडी असो की साप, लांब सावली पडते आणि आधी तीच दिसते. नानांना मी हे सांगणारच आहे. मागे मॅग्नेट असेल तर फारच छान, स्टार्टरच्या लोखंडी पेटीला चिकटवायची आणि हात मोकळा. बटन एकच पाहिजे आणि लुकलुकणारा मोड नको, अंधारात नानांचा गोंधळ उडेल.

आणखी एक, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवायची नाही हे त्यांना तू पण सांग. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या पुढे जातं, डिकीत त्याहून जास्त, लिथियम सेलची वाट लागते. घरात माठाजवळच्या कोनाड्यात ठेवली तर उत्तम.

मागवलीस की माझ्या पत्त्यावर पाठव, चार्ज करून मीच नेऊन देईन आणि रात्री एकदा त्यांच्यासोबत बागेत फिरून येईन. जुनी ते सोडणार नाहीत, ती घरी जिजीला राहू दे. वहिनींना नमस्कार, पोरांना घेऊन दिवाळीला ये.

तुझाच,
पम्या