'टोळी' नको, आडनाव विचारा

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतल्या पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलवरील लेखात तिथल्या वोलोफ, सेरेर, जोला या साऱ्यांना सरसकट 'टोळ्या' म्हटले आहे. राजधानी डाकारच्या बाजारात वोलोफ भाषा बोलणारे कित्येक लोक घरी दुसरीच भाषा बोलतात. ही कसली टोळी?

तिथे ओळख आडनावापासून सुरू होते. वोलोफमध्ये आडनावाला 'संत' म्हणतात (आपल्या संतांशी संबंध नाही!) आणि नमस्कारातच ते पुन्हापुन्हा उच्चारतात. आडनावांच्या जोड्या ठरलेल्या असतात. न्जाय आणि जॉप भेटले की एकाने दुसऱ्याला 'माझा गुलाम' म्हणायचे, दुसऱ्याने 'भाताचा खादाड' म्हणून परतफेड करायची. रागवायचे नाही, हाच नियम. आपल्याकडे मेहुण्यांची थट्टा चालते तशी, फक्त अनोळखी माणसाशी, चेकनाक्यावरच्या पोलिसाशीसुद्धा. न्जाय शेजारच्या माली देशात गेला की त्याला जारा धरतात, जॉपला त्राओरे. आणि तिथेही जारा-त्राओरे ही थट्टेचीच जोडी असल्याने सीमा ओलांडली तरी नाते तुटत नाही.

हेच नाते अख्ख्या समाजांतही असते. सेरेर आणि जोला यांची कथा अशी: आगेन आणि जांबोन्य या दोघी बहिणींची होडी किनाऱ्यावरच्या सांगोमारच्या टोकाशी वादळात दुभंगली. एक उत्तरेला लागली, तिचे वंशज सेरेर. दुसरी दक्षिणेला वाहत गेली, तिचे जोला. 26 सप्टेंबर 2002 रोजी 'ल जोला' ही फेरीबोट बुडून 1,800 हून अधिक माणसे गेली. पुढे डाकार ते दक्षिणेतले झिगिंशोर शहर या मार्गावर आलेल्या दोन बोटींना सरकारने याच बहिणींची नावे दिली.

मात्र या थट्टेला शांततेचा रामबाण उपाय मानणेही चूकच. काझामांस या जोलांच्या दक्षिण भागात 1982 पासून फुटीर चळवळ आहे. तिच्या मुळाशी इतर कारणांबरोबर जमीनही आहे. 1964 च्या कायद्याने नोंद नसलेली जमीन राष्ट्राची ठरली आणि पुढे झिगिंशोरच्या आसपासचे भूखंड उत्तरेकडून आलेल्यांना मिळत गेले. भातखाचर गेलेल्या जोलाला सेरेर भावाने कितीही हसवले तरी खाचर परत येत नाही. थट्टेने बोलणी सुरू होतात, वैर असलेली माणसे एका चटईवर बसतात. सातबारा मात्र बदलत नाही.

दुसरी मर्यादा आपल्याला चटकन कळेल. वोलोफ समाजात 'गेर' म्हणजे वरचे आणि 'न्येन्यो' म्हणजे लोहार-सोनार, चर्मकार, भाट अशी उतरंड आहे. काही आडनावांवरून घराणे ओळखू येते आणि सोयरीक जुळवताना तेच आधी पाहतात. दोन्ही घरे मुसलमान, मशीद एक, जेवणाचे ताटही एक. तरी लोहाराच्या मुलाला गेर घरची मुलगी मिळणे अवघड. न्जाय आणि जॉप एकमेकांना दिवसभर 'गुलाम' म्हणतील, पण ज्यांचे पूर्वज खरोखरच गुलाम होते त्यांच्यासमोर तो शब्द शिवी ठरतो.

पुढच्या भागात 'टोळी'ऐवजी 'समाज' छापलात तरी पुष्कळ होईल.

— एक वाचक, पुणे