मंत्रीमहोदय, दवाखान्याची फरशी एकदा मोजून घ्या

मा. मंत्रीमहोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : रुग्णालयांच्या स्वच्छता निविदांमध्ये फरशीचं क्षेत्रफळ नसणे

स.न.वि.वि.

मी स्वच्छतेच्या कंत्राटांची अंदाजपत्रकं करते. आधी 11 वर्षं एका खासगी रुग्णालयात हाउसकीपिंग सुपरवायझर होते. आता छोट्या ठेकेदारांना आणि दोन महिला बचत गटांना निविदा भरायला मदत करते. फरशी पुसायला किती माणसं, किती औषध, किती पैसे लागतील हे सांगणं हाच माझा धंदा.

मध्यंतरी 100 खाटांच्या एका उपजिल्हा रुग्णालयाची निविदा हाती आली. बयाणा रक्कम, सुरक्षा अनामत, दंडाचे तक्ते, शपथपत्रांचे नमुने, सगळं होतं. फरशी किती आहे हे मात्र कुठेच नव्हतं. ‘सफाई कामगार : 12, तीन पाळ्यांत मिळून’ एवढं होतं आणि खाली साहित्य : फिनाइल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर, झाडू, खराटे, इत्यादी आवश्यकतेनुसार. निविदापूर्व बैठकीत मी क्षेत्रफळ विचारलं. समोरचे साहेब चांगले होते, चिडले नाहीत. म्हणाले, “मॅडम, आजवर कुणी विचारलं नाही. आधीचा ठेकेदार बारा माणसांत चालवत होता, तुम्हीपण चालवा.”

साहेब, याच इमारतीला उद्या रंग द्यायचा ठरला तर काय होईल? सार्वजनिक बांधकाम विभागाचा अभियंता टेप घेऊन येईल, भिंतीतून खिडक्या-दरवाजे वजा करील, चौरस मीटर दशांश चिन्हापर्यंत काढील, दरसूचीतला दर लावील आणि काम झाल्यावर एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, मोजमाप चढवल्याशिवाय बिल निघणार नाही. रंग चार-पाच वर्षांतून एकदा. फरशी दिवसातून तीनदा पुसायची, वर्षाचे 365 दिवस. पण तिला टेप लागत नाही.

मग मीच मोजली. बैठकीनंतर जागेची पाहणी होती, तेव्हा पावलांनी आणि मोबाइलवरच्या मापाने जमेल तितकी. साधारण 30,000 चौरस फूट भरली : बाह्यरुग्ण विभाग, व्हरांडे आणि जिने मिळून 14,000, वॉर्ड 12,000, आणि शस्त्रक्रिया गृह, प्रसूती कक्ष, अतिदक्षता, अपघात विभाग मिळून 4,000.

आता वेळ. माझ्याकडे वर्षानुवर्षं घड्याळ लावून लिहिलेल्या वह्या आहेत. मोकळ्या व्हरांड्यात 1,000 चौरस फूट झाडून, पुसून, पाणी बदलून अर्धा तास लागतो. तेवढाच वॉर्ड 45 मिनिटं खातो. खाटांचे पाय, सलाइनचे स्टँड, लॉकर, खाली ठेवलेल्या पिशव्या. आणि खाटेखाली चटई टाकून झोपलेली पेशंटची आई किंवा सासू, जिला पहाटे पाच वाजता “मावशी, जरा उठता का, पुसून घेते” म्हणावं लागतं. या 45 मिनिटांतली सात-आठ मिनिटं निव्वळ लोकांना उठवण्यात जातात. कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं. शस्त्रक्रिया गृहासारख्या जोखमीच्या जागी तेवढ्याच फरशीला एक तास धरावा लागतो, कारण तिथे घाई करून चालत नाही.

बाह्यरुग्ण विभाग, व्हरांडे, जिने तीनदा : 1,260 मिनिटं. वॉर्ड तीनदा : 1,620. जोखमीच्या जागा पाच वेळा : 1,200. एकूण 4,080 मिनिटं, म्हणजे रोजचे 68 तास. संडास-बाथरूम 24 आहेत. दर खेपेला 12 मिनिटं आणि दिवसातून आठ खेपा धरल्या की आणखी 38 तास. झाले 106.

आठ तासांच्या पाळीत हातात मॉप किती वेळ असतो? जेवण, चहा, गणवेश, पाणी भरून आणणं, मध्येच सिस्टरने “ती ट्रॉली जरा तिकडे ने गं” म्हणून पिटाळणं, हे वजा केलं की साडेसहा तास उरतात. 106 ला साडेसहाने भागलं की रोज 16 ते 17 जणी हजर लागतात. प्रत्येकीला आठवड्याची सुट्टी द्यायची, सणावारांच्या आणि हक्काच्या रजा द्यायच्या, म्हणजे पटावर 20. निविदेत आहेत 12. सुट्टी वजा जाता त्यांतल्या रोज जेमतेम दहा हजर, म्हणजे 65 तास. एवढ्यात फरशीसुद्धा पुरी होत नाही. संडासांचं तर नावच नको. शिवाय पावसाळा मी या हिशेबात धरलेलाच नाही. जुलैमध्ये चिखलाचे पाय आत आले की व्हरांड्याची वेळ दीडपट होते. जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्यांना तर ऋतूही लागत नाही.

मग बारा माणसांत आधीचा ठेकेदार ‘चालवत’ कसा होता? वॉर्डात एकच बादली फिरवून. पहिल्या खाटेपाशी स्वच्छ असलेलं पाणी दहाव्या खाटेपाशी काळं होतं आणि तेच पुढच्या वॉर्डात जातं. सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठीची केंद्र सरकारची कायाकल्प योजना 2015 पासून चालू आहे. तिच्या मार्गदर्शनात तीन बादल्यांची पद्धत आहे : एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं, तिसरीत जंतुनाशक. रुग्ण असतात तिथे कोरडा झाडू मारू नये, धूळ उडते, असंही सांगितलेलं आहे. कायाकल्पची तपासणी असली की तीन बादल्यांच्या ट्रॉल्या बाहेर येतात, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे. तपासणी झाली की त्या परत स्टोअरमध्ये. यात सफाई करणाऱ्या मावशींचा दोष नाही. तीन बादल्यांना लागणारा वेळ त्यांना कुणी दिलेलाच नाही.

साहित्याच्या यादीबद्दलही बोललं पाहिजे. जुन्या दवाखान्यांतून बहुतेक कोटा किंवा मोझॅक असतो. कोटा हा चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खातं. वर्षभर ॲसिड मारलं की पॉलिश जातं, दगड खरबरीत होतो, त्या खड्ड्यांत मळ बसतो आणि तो काढायला आणखी ॲसिड. शेवटी फरशी घासून पॉलिश करायचं अंदाजपत्रक बांधकाम विभागाकडे जातं. म्हणजे सरकार आधी फरशी खराब करायला पैसे देतं, मग दुरुस्त करायला. त्याहून वाईट म्हणजे यादीत ॲसिडच्या शेजारीच ब्लीचिंग पावडर आहे. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरिन वायू निघतो. बंद संडासात दोन्ही ओतून खोकत बाहेर पडलेली बाई मी स्वतः सावरली आहे. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि यादी लिहिणाऱ्यालाही बहुधा कुणी सांगितलं नसावं.

उलट जे लागतं ते ‘इत्यादी’त जातं. जोखमीच्या जागांसाठी हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचं 1 टक्का द्रावण धरा. बाजारात मिळणारं 5 टक्क्यांचं असेल तर एक लिटरमध्ये चार लिटर पाणी. 4,000 चौरस फूट पाच वेळा पुसायचे, दर 1,000 फुटांना नवं पाच लिटर द्रावण, म्हणजे दिवसाला 100 लिटर द्रावण, 20 लिटर हायपो, महिन्याला 600 लिटर. अगदी 20 रुपये लिटर धरला तरी 12,000 रुपये, एकट्या हायपोचे. हे प्रमाण ठेकेदाराच्या मर्जीवर सोडलं की काय होतं ते सांगायला नको. द्रावणात पाणी वाढवलेलं डोळ्यांना दिसत नाही, आणि उन्हात ठेवलेला हायपो तर पाणी न घालताही कमजोर होतो. दवाखान्याचं स्टोअर पत्र्याखाली असेल तर मे महिन्यात कॅनमध्ये वास शिल्लक राहतो, ताकद नाही.

आता पैशाचं. सोपं जावं म्हणून मूळ वेतन आणि विशेष (महागाई) भत्ता मिळून महिना 14,000 धरते. खरा आकडा परिमंडळाप्रमाणे, म्हणजे गाव-शहराच्या वर्गाप्रमाणे, बदलतो. त्यावर भविष्य निर्वाह निधी प्रशासकीय खर्चासह 13 टक्के, 1,820. कामगार राज्य विमा सव्वातीन टक्के, 455. बोनस 8.33 टक्के, 1,166. उपदान (ग्रॅच्युइटी) 673. गणवेश, गमबूट, हातमोजे 250. एका बाईमागे 18,364 रुपये. ठेकेदाराचा नफा, सुपरवायझर, साहित्य, यंत्रं यातलं काहीच अजून धरलेलं नाही.

यातलं वेतन आणि देणी कायद्याने ठरलेली, म्हणून स्पर्धा उरते ती ठेकेदाराच्या सेवा शुल्कावर. तिथे शून्य किंवा शून्याला खेटून दर भरणारे असतात आणि एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचे, म्हणून काम त्यांनाच मिळतं. शून्यावर धंदा करणारा माणूस कमावतो कुठून, हे निविदा समितीने कधी विचारलं आहे का? माझ्या माहितीतल्या एका ठिकाणी पगार नियमानुसार बँकेत जमा व्हायचा. दुसऱ्या दिवशी मुकादम एटीएमबाहेर उभा राहायचा आणि प्रत्येकीकडून ठरलेली रक्कम परत घ्यायचा. कागदावर सगळं चोख. ठेकेदाराने वेतन थकवलं तर ते द्यायची जबाबदारी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ नियोक्त्यावर टाकली होती आणि नव्या कामगार संहितेतही ती तशीच आहे. मूळ नियोक्ता म्हणजे आपला विभाग, साहेब.

विशेष भत्ता दर जानेवारीत आणि जुलैत बदलतो. निविदा तीन वर्षांची असते आणि पुष्कळदा त्या वाढीची सोय करारात नसते. म्हणजे सहा वेळा वाढणारा खर्च एकदाच भरलेल्या दरात बसवायचा. बिलं चार-चार महिने अडकतात ती वेगळीच. बचत गटातल्या बायका चार महिने पदरमोड करून पगार वाटू शकत नाहीत, म्हणून त्या बाद होतात आणि मग “स्थानिक महिला पुढे येत नाहीत” असं ऐकायला मिळतं.

आपले अधिकारी म्हणतील, 20 माणसांना तरतूद कुठून आणायची? प्रश्न रास्त आहे. बारा आणि वीस यांत माझ्या हिशेबाने महिन्याला 1,46,912 रुपयांचा फरक पडतो. पैसे खरोखर नसतील तर व्हरांडा तीनऐवजी दोनदा पुसा, कार्यालयाची बाजू दिवसाआड करा, पण तसं निविदेत लिहा. व्हरांडा कमी पुसून शस्त्रक्रिया गृहाचे पाच फेरे राखायचे, हा निर्णय वैद्यकीय अधीक्षकांनी सही करून घ्यावा. आज तो निर्णय रात्रपाळीची एकटी मावशी घेते, दमली की. यंत्रांचंही तसंच. लांब व्हरांड्यात स्क्रबर-ड्रायर, म्हणजे फरशी घासून सुकवणारं यंत्र, खरंच वेळ वाचवतं, खाटांच्या गर्दीत त्याचा उपयोग नाही. ते घ्यायचं तर उंबरठ्यांना उतार, चार्जिंगची जागा आणि बॅटरी बदलायची तरतूद हवी, नाहीतर स्टोअरमध्ये झाकून ठेवायला आणखी एक वस्तू.

माझी मागणी एका कागदाची आहे. प्रत्येक स्वच्छता निविदेला मोजमाप पत्रक जोडा : कोणती खोली, किती चौरस मीटर, फरशी कसली, जोखीम किती, दिवसातून किती वेळा. वेतन आणि कायदेशीर देणी त्यावरून विभागानेच काढून गोठवावीत, भत्ता वाढला की ती आपोआप वाढावीत. जंतुनाशकाचे पैसे प्रत्यक्ष वापराच्या नोंदीवर वेगळे द्यावेत. दंड माणूस गैरहजर म्हणून लावण्याऐवजी फेरा चुकला म्हणून लावावा. मोजायला नवीन माणूस नेमायची गरज नाही, बांधकाम विभागाकडे या इमारतींचे नकाशे असतातच.

सुरुवात एखाद्या रुग्णालयापासून करायची असेल तर मी माझ्या वह्या घेऊन स्वखर्चाने येईन. सकाळी साडेपाचला बोलवा, बाह्यरुग्ण विभाग उघडला की टेप जमिनीवर टेकत नाही. आणि त्या पाळीच्या मावशींपैकी एकीला तेवढा वेळ मोकळं ठेवा. कुठे पाणी साठतं, कुठली मोरी तुंबते आणि कोणत्या खोलीला कुलूप असतं ते नकाशात नसतं, तिला माहीत असतं.

कळावे,
आपली नम्र,
अंदाजपत्रकं लिहिणारी एक माजी सुपरवायझर